टेपच्या आधी डिस्क: बॅकअपला मधली पायरी का लागली

बॅकअप आधी डिस्कवर घ्यायचा आणि मग सवडीने चुंबकीय टेपवर उतरवायचा, ही पद्धत आता अंगवळणी पडली आहे. कारण विचारलं तर बहुतेक जण सांगतात, "टेप हळू असते म्हणून." प्रत्यक्षात झालं जवळजवळ उलटं. टेप इतकी वेगवान झाली की तिला त्या वेगाने डेटा पुरवणं जमेना.

आयबीएमने १९५२ मध्ये ७२६ हा टेप ड्राइव्ह आणला आणि १९५६ मध्ये रामॅक या संगणकाची पहिली हार्ड डिस्क. २४ इंची ५० तबकड्यांवर मावायची जेमतेम ५० लाख अक्षरं. एवढ्या महाग जागेत कुणी बॅकअप ठेवणार नव्हतं, त्यामुळे चालू काम डिस्कवर आणि साठवण टेपवर अशी वाटणी पडली. दोन्ही एकाच साखळीत बांधण्याचा मोठा प्रयत्न म्हणजे आयबीएमचं १९७४ चं ३८५० हे यंत्र. त्यातला डेटा टेपच्या छोट्या कार्ट्रिजमध्ये असायचा आणि मागणी आली की आपोआप डिस्कवर चढायचा.

बॅकअपची अडचण मात्र वेगळी होती. टेप ड्राइव्हमध्ये टेप हेडवरून (लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या भागावरून) सेकंदाला काही मीटर वेगाने धावते. डेटा अखंड येत राहिला तर सगळं सुरळीत चालतं. पण बफर, म्हणजे येणारा डेटा क्षणभर साठवणारी जागा, रिकामा झाला की ड्राइव्हला जागच्या जागी थांबता येत नाही. टेप थोडी पुढे जाऊन थांबते, मागे येते, पुन्हा वेग घेते आणि मग जिथे लेखन तुटलं तिथून पुढे लिहू लागते. तोवर साठलेला डेटा क्षणात संपतो आणि पुन्हा तीच कसरत. याला शू-शाइनिंग म्हणतात. वेळ तर जातोच, शिवाय टेप आणि हेड दोन्ही झिजतात. रोजच्या इन्क्रीमेंटल (फक्त बदललेल्या फाइलींच्या) बॅकअपमध्ये हे हमखास व्हायचं, कारण हजारो फाइली चाळून त्यातल्या बदललेल्या मोजक्याच निघतात आणि डेटा ठिबकत येतो.

एक तोड होती मल्टिप्लेक्सिंगची: अनेक सर्व्हरचे प्रवाह एकाच टेपवर सरमिसळ करून लिहायचे. बॅकअप झटपट व्हायचा, पण एकाच सर्व्हरचा डेटा परत आणताना सगळी सरमिसळ वाचत बसावी लागायची. बॅकअप घेतात तो परत मिळवण्यासाठी, हे लक्षात घेतलं तर हा सौदा फारसा शहाणपणाचा नव्हता.

त्यापेक्षा नेटका मार्ग मेरीलँड विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झालेल्या अमांडा या सॉफ्टवेअरने काढला. त्यात 'होल्डिंग डिस्क' होती. अनेक यंत्रांचे बॅकअप एकाच वेळी या डिस्कवर, ज्याच्या त्याच्या गतीने, उतरायचे. एखादा पूर्ण झाला की तो सलग, पूर्ण वेगाने टेपवर जायचा. टेप घालायची राहिली, तरी रात्रीचं काम अगदीच वाया जात नसे. आयबीएमच्या एडीएसएम या बॅकअप सॉफ्टवेअरनेही १९९३ मध्ये आधी डिस्कचा साठा (पूल) आणि त्यामागे टेपचा साठा अशी उतरंड मांडली.

ही कल्पना सर्वदूर पोहोचली ती २००० नंतर. एलटीओ या टेपच्या सामायिक मानकाच्या पहिल्या पिढीची टेप १०० गिगाबाइटची होती. २००३ च्या दुसऱ्या पिढीचा ड्राइव्ह सेकंदाला ४० मेगाबाइट लिहू शकायचा, तर १०० मेगाबिटच्या नेटवर्कवरून फार तर १२ यायचे. त्याच सुमारास एटीए डिस्क, म्हणजे साध्या पीसीत असायच्या तशा, स्वस्त झाल्या. सर्व्हरवरचा ताण रात्रीपुरता राहिला, टेपचं काम दिवसा होऊ लागलं आणि काल चुकून उडवलेली फाइल टेप न शोधता मिळू लागली.

ड्राइव्ह पुढे आपला वेग कमी-जास्त करायला शिकले, पण एका मर्यादेपर्यंतच. आणि मधली डिस्क ठेवली म्हणजे भागलं असंही नाही. तिच्यावर नवे बॅकअप उतरत असतानाच टेपसाठी वाचनही चालू असेल, तर डिस्कची हेड इकडून तिकडे धावत राहतात आणि टेप पुन्हा उपाशी. २०२१ च्या एलटीओ-९ चा ड्राइव्ह सेकंदाला ४०० मेगाबाइटपर्यंत लिहितो. एकटी हार्ड डिस्क सलग वाचतानाही साधारण २५० च्या आसपास थांबते, त्यामुळे आता एका टेपला पुरवठा करायला डिस्कचा अख्खा संच किंवा एसएसडी लागतात.