उलटप्रवाहरोधक झडप

द्रवाला पाइपातून एकाच दिशेने जाऊ देणारी आणि प्रवाह उलटू लागताच आपोआप मिटणारी झडप. बाजारात आणि बांधावर तिला एनआरव्ही (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह) म्हणतात. तिला चक्र नसते की दांडा नसतो. पुढे जाणाऱ्या पाण्याचा जोर ती उघडतो. जोर ओसरला की स्वतःच्या वजनाने, स्प्रिंगने किंवा परतणाऱ्या पाण्याच्या दाबाने ती बंद होते.

पाणी उलटे फिरण्याची कारणे दोन. मुख्य जलवाहिनी फुटली किंवा अग्निशमनासाठी एकदम भरपूर पाणी उपसले गेले, की वाहिनीतला दाब हवेच्या दाबाखाली जातो आणि जोडलेल्या नळांतून पाणी मागे शोषले जाते. बादलीत बुडवून ठेवलेली रबरी नळी मग बादलीतलेच पाणी ओढते. दुसरे कारण म्हणजे समोरचा दाब: बॉयलर, बूस्टर पंप किंवा उंच टाकी यांचा दाब पुरवठ्याच्या दाबापेक्षा वाढला, तर पाणी मागे ढकलले जाते.

यातून काय घडू शकते हे अमेरिकेतील वूस्टर येथील होली क्रॉस महाविद्यालयात 1969 मध्ये दिसले. जवळच लागलेली आग विझवताना जलवाहिनीतला दाब घसरला आणि मैदानाला पाणी देणाऱ्या तोट्यांच्या खड्ड्यांत साचलेले दूषित पाणी वाहिनीत ओढले गेले. ते पाणी प्यायलेल्या फुटबॉल संघातल्या बहुतेकांना काविळीची लागण झाली आणि दोन सामन्यांनंतर संघाचा हंगाम रद्द करावा लागला.

झडपांचे साधे प्रकार रचनेवरून ओळखले जातात. स्विंग प्रकारात बिजागरीवर टांगलेले दार असते. पाणीपुरवठ्यासाठीच्या अशा झडपांना आयएस 5312 हे भारतीय मानक लागू आहे. स्प्रिंगच्या प्रकारात चकती सरळ मागेपुढे सरकते. विहिरीतल्या पाइपाच्या टोकाला असतो तो फूट व्हॉल्व्ह: खाली जाळी, वर झडप. मोटार बंद झाल्यावर पाइपातले पाणी तो धरून ठेवतो. वॉशरखाली वाळूचा खडा अडकला, तरी पाणी हळूहळू उतरते आणि सकाळी मोटार नुसती फिरत राहते. मग पाइपात पुन्हा पाणी भरावे लागते. बोअरमध्ये झडप गळत असेल तर खाली येणारे पाणी पंपाला उलटा फिरवते, आणि त्याच वेळी मोटार चालू केली तर शाफ्टही तुटू शकतो.

झडप मिटायला उशीर झाला तरी धोका असतो. परतणाऱ्या पाण्याने वेग घेतल्यावर दार आदळले, की वॉटर हॅमरचा दणका बसतो. पोलादी पाइपात सेकंदाला 1 मीटर वेगाचा प्रवाह क्षणात थांबला, तर सुमारे 100 मीटर उंच पाण्याइतका जादा दाब तयार होतो. म्हणून उपसा सिंचनाच्या लांब वाहिन्यांवर चटकन मिटणाऱ्या झडपा बसवणे योग्य ठरते.

मात्र पंप वाचवणारी झडप पिण्याचे पाणीही वाचवील, असे धरून चालणे धोक्याचे आहे. एकच झडप असेल तर कचऱ्याचा एक कण तिला उघडी ठेवू शकतो आणि ते बाहेरून कळतही नाही. जिथे रसायने किंवा सांडपाण्याचा संबंध येतो तिथे रिड्यूस्ड प्रेशर झोन हे उपकरण वापरतात. त्यात दोन स्वतंत्र झडपा आणि मधल्या कप्प्याला बाहेर उघडणारी निचरा-झडप असते. कप्प्यातला दाब पुरवठ्यापेक्षा नेहमी कमी राखलेला असतो. हा फरक सुमारे 2 पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचे माप) खाली आला, की निचरा-झडप उघडते आणि दूषित पाणी मुख्य वाहिनीत न जाता जमिनीवर सांडते. त्यामुळे बिघाड डोळ्यांना दिसतो. हे उपकरण पाणी साचणाऱ्या खड्ड्यात कधीच बसवू नये.

याहूनही खात्रीचा उपाय म्हणजे मोकळी हवा. टाकीत पाणी सोडणाऱ्या नळाचे तोंड टाकीच्या काठाच्या वर, नळाच्या व्यासाच्या किमान दुप्पट आणि 25 मिलिमीटरपेक्षा कमी नाही इतके ठेवले, तर उलट शोषणाला वाटच राहत नाही. दिवसातून काही तासच पाणी येणाऱ्या आपल्या शहरांत हे अंतर फार मोलाचे आहे, कारण पुरवठा थांबल्यावर रिकाम्या होणाऱ्या वाहिन्या जिथून मिळेल तिथून पाणी ओढतात. नळाला थेट मोटार लावल्याने ही ओढ आणखी वाढते.

ठिबक सिंचनात व्हेंच्युरीतून, म्हणजे वाहत्या पाण्याच्या ओढीने खत खेचून घेणाऱ्या अरुंद नळीतून, खत सोडताना वीज गेली, तर खताचे पाणी विहिरीत उतरू शकते. म्हणून एनआरव्ही पंप आणि खत सोडण्याची जागा यांच्या मध्ये, अंगावरचा बाण पाण्याच्या दिशेने ठेवून बसवावा.