ओपल ते ओटिस: वादळ एका रात्रीत का चवताळतं?

4 ऑक्टोबर 1995. फ्लोरिडाच्या वायव्य किनाऱ्यावरचे लोक सकाळी उठून बघतात तो काय, मेक्सिकोच्या आखातातलं ‘ओपल’ चक्रीवादळ रात्रीतून ताशी 240 किमी वाऱ्यांपर्यंत पोचलेलं. सगळ्यांनी एकदमच गाड्या बाहेर काढल्या आणि रस्ते तुंबले. किनारा गाठेपर्यंत वादळ बरंच ओसरलं, हे नशीब.

ओपलवरून शास्त्रज्ञांत वाद रंगला. काहींच्या मते वाटेत लागलेल्या, खोलवर उबदार पाण्याच्या भोवऱ्याने त्याला बळ दिलं. बाकीच्यांचा रोख आभाळाकडे: उंचावरून सरकत आलेल्या कमी दाबाच्या द्रोणीमुळे (म्हणजे लांबट पट्ट्यामुळे) वादळाच्या माथ्यावरची हवा भराभर बाहेर ओढली गेली. मला विचाराल तर दोघांचंही खरं. चुलीत लाकूड हवं, तसं धुराडंही मोकळं हवं.

लाकडाचा हिशेब जुना. चक्रीवादळ उभं राहायला समुद्राचं पाणी साधारण 26-27 अंश सेल्सियसच्या वर लागतं, हे हवामानशास्त्रज्ञ एरिक पाल्मेन यांनी 1948 मध्येच मांडलं होतं. धुराड्याकडे हवामानशास्त्रज्ञ विल्यम ग्रे यांनी 1968 मध्ये नीट लक्ष वेधलं. खालचे आणि वरचे वारे वेगवेगळ्या वेगाने वा दिशेने वाहत असले (यालाच विंड शीअर म्हणतात), की वादळाचा उभा खांब कलतो आणि कोरडी हवा आत घुसते. बाष्पाचे थेंब होताना सुटणारी उष्णता मग केंद्रापासून लांब विखुरते. शीअर कमी आणि मधल्या थरातली हवा दमट असेल, तर तीच उष्णता डोळ्याभोवती (वादळाच्या मधल्या शांत भागाभोवती) एकवटते, दाब कोसळतो आणि वारे पिसाळतात.

वादळ ‘झपाट्याने’ बळावलं म्हणजे किती, हे कॅप्लन आणि डीमारिया या शास्त्रज्ञांनी 2003 मध्ये ठरवलं: 24 तासांत किमान 30 नॉट, म्हणजे ताशी 55 किमीची वाढ. अटलांटिकमधल्या नोंदींतल्या सर्वांत वेगवान 5 टक्के वाढी पाहून काढलेला हा आकडा. (मे 2021 मध्ये आपल्या किनाऱ्याजवळून गेलेलं तौक्तेही असंच बळावलं होतं.)

कारणं कळली, तरी वेळेवर अंदाज साधतोच असं नाही. 24 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे मेक्सिकोजवळचं ‘ओटिस’ अजून हरिकेनही (तिकडे तीव्र चक्रीवादळाला हे नाव आहे) नव्हतं, आणि ते इतकं भडकेल असं हवामानाचा अंदाज बांधणाऱ्या संगणकी मॉडेल्सनाही दिसलं नव्हतं. दुपारी टेहळणी विमान आत शिरलं, तेव्हा कुठे त्याचा खरा जोर कळला. मध्यरात्र उलटता उलटता ते ताशी सुमारे 260 किमी वाऱ्यांनिशी अकापुल्कोवर आदळलं.