काडतुसं मिळेनाशी झाल्यावर बंदूक कोणती

सगळी व्यवस्था कोलमडली, कारखाने-दुकानं बंद, नवीन काडतूस येणारच नाही, अशा काळात कुठलं हत्यार कामाचं राहील याचा हा विषय. बहुतेक लोक बंदुकीपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात, आधी आपल्या भागात लोकांच्या घरात कुठलं काडतूस पडून असेल ते बघायचं, बंदूक त्यानंतर.

पुण्यात खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे, पण म्हणून ९ एमएम किंवा .३०३ आपल्या हाताला लागेल असं नाही, ते प्रोहिबिटेड बोर, म्हणजे सरकारने मनाई केलेल्या मापाचं, साध्या माणसाला त्याचं लायसन्स मिळत नाही. उरतात मुख्यतः .२२, .३२, .३१५ (हे आकडे नळीच्या मापाचे, इंचात) आणि बाराबोर, म्हणजे छर्ऱ्याची बंदूक. माझ्या मते पहिली पसंती बाराबोरच, आणि तीही दुनळी. एकाच बंदुकीत पाखरासाठी बारीक छर्रा चालतो, रानडुकरासाठी एलजी, म्हणजे जाड छर्रा, चालतो, शिवाय दोन्ही नळ्यांचे घोडे वेगळे असले की एक बिघडला तरी दुसरी नळी चालू राहते. ऑटोमॅटिक लोडिंगवाल्या बंदुका टंचाईत नकोतच, काडतुसं भराभर उडतात आणि बारीक पार्ट तुटला तर आणणार कुठून.

अडचण वजनाची. बाराबोरचं एक काडतूस ४०-५० ग्रॅमचं, .२२ चं जेमतेम ३ ग्रॅमच्या वर, म्हणजे एका किलोत इकडे वीस-पंचवीस आणि तिकडे तीनशेच्या आसपास. पण उडालेल्या काडतुसाचं बूड बघा, बाराबोरला मधोमध टोपी (पिन आपटली की ठिणगी पाडून दारू पेटवणारी) असते, ती बदलून काडतूस परत भरता येतं (लायसन्सशिवाय भरणं आज गुन्हा आहे हे लक्षात ठेवा), .२२ ला टोपीच नसते, मसाला कडेच्या गोटात असतो आणि पिन तिथेच ठेचते, त्यामुळे ते एकदा उडालं की संपलं. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, तेव्हा एक बाराबोर, एक .२२ हीच जोडी बरी. नेम बसवायला .१७७ ची एअरगन वापरावी, माऱ्याची ताकद २० जूलपर्यंत असेल तर तिला लायसन्स लागत नाही, खरी काडतुसं वाचतात.

आपल्या पावसाळ्यात जुनं कागदी काडतूस फुगतं आणि नळीत बसतच नाही, प्लॅस्टिकचं टिकतं पण पितळी बूड हिरवं पडतं. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, डबा उंचावर. काडतुसाला तेल अजिबात लावू नका, ते टोपीत झिरपतं आणि ऐनवेळी नुसता टक् आवाज येतो. तसं झालंच तर नळी मोकळ्या दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं, लगेच बंदूक उघडायची नाही, कारण बार कधीकधी उशिरा उडतो.