विवाह छायाचित्रणाच्या शैली

विवाहसमारंभाचे फोटो काढताना छायाचित्रकार किती हस्तक्षेप करतो, प्रकाश कुठून घेतो आणि नंतर चित्रावर कोणते रंगसंस्कार करतो, यांवरून पडलेले प्रकार म्हणजे विवाह छायाचित्रणाच्या शैली. पारंपरिक, डॉक्युमेंटरी, कॅन्डिड, एडिटोरियल, फाइन आर्ट, ड्रॅमॅटिक ही त्यांची व्यवसायात रुळलेली नावे. या नावांना ठरलेली व्याख्या नाही आणि ती कोण वापरू शकतो यावर कुणाचे नियंत्रणही नाही. त्यामुळे दोन छायाचित्रकारांच्या ‘कॅन्डिड’मध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. नावाच्या आत काय आहे ते ओळखायला एक प्रश्न पुरेसा पडतो: समारंभ कॅमेऱ्यासाठी थांबतो, की कॅमेरा समारंभासाठी थांबतो? बहुतेक शैली या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात.

जडणघडण

सुरुवातीच्या काळात शैली निवडण्याचा प्रश्नच नव्हता. लुई दागेर यांची डॅगेरोटाइप ही धातूच्या पत्र्यावर फोटो उमटवण्याची पद्धत १८३९ मध्ये पॅरिसला जाहीर झाली, पण तिच्यात चित्र उमटायला इतका वेळ लागे की माणसाला मानेमागे आधार देऊन स्थिर बसवावे लागे. लग्नाचा फोटो म्हणजे वधू-वरांनी ठेवणीतले कपडे घालून, पुष्कळदा लग्न झाल्यावर केव्हातरी, स्टुडिओत जाऊन काढून घेतलेले एखादे चित्र. जानेवारी १८५८ मध्ये ब्रिटिश राजकन्या व्हिक्टोरिया हिच्या विवाहाच्या दिवशी आई-वडिलांसोबत तिचे डॅगेरोटाइप काढले गेले. त्यात राणी व्हिक्टोरियाचा चेहरा पुसट आला आहे, कारण राणी हलली. त्या काळी भावना आवरली नाही तर फोटो बिघडे. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी नेमकी तीच भावना टिपण्यासाठी फोटोग्राफर नेमले जाऊ लागले.

मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर १८८७ मध्ये जर्मनीत तयार झाली, पण ती धूर आणि भडका दोन्ही करी. १९२५ मध्ये लायकाचा ३५ मिमी फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा बाजारात आला आणि १९३० च्या सुमारास फ्लॅश बल्ब हाती आले. त्यानंतर स्टुडिओ सोडून विवाहस्थळी जाणे सोपे झाले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर लग्नांची संख्या वाढली तसा हा स्वतंत्र व्यवसाय झाला.

फोटोग्राफर लग्नघरी आला तरी पोज सुटली नाही. याचे कारण सौंदर्यदृष्टीइतकेच हिशेबात होते. व्यावसायिक मंडळी वापरत त्या मध्यम आकाराच्या कॅमेऱ्यात १२० फिल्मच्या एका रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बाराच फोटो निघत. प्रत्येक फोटोला खर्च होता आणि रोल बदलायला वेळ. साहजिकच कोणते फोटो घ्यायचे याची यादी आधी ठरे आणि एकही फोटो वाया जाऊ नये म्हणून माणसांना नीट उभे करून, ‘इकडे बघा’ म्हणूनच बटण दाबले जाई. पारंपरिक शैलीचा बराचसा शिस्तशीरपणा या काटकसरीतून आला आहे.

३५ मिमीच्या रोलवर छत्तीस फोटो निघत. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार त्याच कॅमेऱ्यांनी काम करत, आणि त्यांच्या पद्धतीचा ओघ हळूहळू लग्नांकडे वळला. ‘वेडिंग फोटोजर्नालिझम’ हे नाव रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः अमेरिकी छायाचित्रकार डेनिस रेजी यांना दिले जाते. सप्टेंबर १९९६ मध्ये अमेरिकेचे दिवंगत राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे पुत्र जॉन एफ. केनेडी ज्युनिअर आणि कॅरोलिन बेसेट यांचा विवाह अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातील कंबरलँड बेटावर झाला. चॅपेलमधून बाहेर पडताना वर वधूच्या हाताचे चुंबन घेतो, हा रेजी यांनी तेव्हा टिपलेला फोटो जगभर छापला गेला. ‘आम्हाला असे फोटो हवेत’ असे म्हणणाऱ्या जोडप्यांची एक पिढी त्यानंतर आली.

डिजिटल कॅमेऱ्याने फोटोच्या संख्येवरची मर्यादा जवळजवळ काढून टाकली. २००५ चा कॅनन ५डी आणि २००७ चा निकॉन डी३ या फुल-फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा प्रकाशग्राही सेन्सर असलेल्या, कॅमेऱ्यांनंतर मंद प्रकाशात फ्लॅशविना काम करणे शक्य झाले. २०१७ च्या सोनी ए९ पासून शटरचा आवाजही न करता वेगाने फोटो काढता येऊ लागले. विधी चालू असताना दोन हातांच्या अंतरावर उभे राहूनही कुणाला जाणवू नये, अशी सोय त्यामुळे झाली. तिचा दुरुपयोगही झाला: एका दिवसात हजारो फोटो काढायचे आणि त्यांतले बरे निवडायचे, यालाच काहीजण डॉक्युमेंटरी म्हणू लागले.

पारंपरिक शैली

सगळे कॅमेऱ्याकडे पाहत आहेत, चेहरे उजळ आणि स्पष्ट आहेत, कुटुंबातले गट क्रमाने उभे आहेत: ही पारंपरिक शैली. गटाचा फोटो घेताना मागची रांगही स्पष्ट यावी म्हणून लेन्सचे छिद्र एफ/५.६ ते एफ/८ इतके लहान ठेवतात (आकडा मोठा तितके छिद्र लहान), प्रकाश दोन्ही बाजूंनी सारखा पाडतात आणि कुणाचे डोळे मिटले असतील या शंकेने एकाच गटाचे तीन-चार फोटो घेतात. व्यक्तिचित्रातही प्रकाशाचे नियम आहेत. गालावर उजेडाचा त्रिकोण पाडणारी रेम्ब्रांट प्रकाशयोजना व्यवसायातल्या सर्वांना ठाऊक असते. अमेरिकेत माँटी झुकर यांनी वधूच्या पोज आणि खिडकीचा प्रकाश यांचे शिक्षण पिढ्यान्पिढ्या दिले.

ही शैली जुनाट म्हणून हिणवली जाते, ते अन्यायाचे आहे. वीस-तीस वर्षांनी अल्बम उघडला जातो तेव्हा बोट बहुधा गटफोटोवरच फिरते: ही कोण, तो कोण, हे आता नाहीत. सगळे नातेवाईक एका जागी, ओळखू येतील असे, दुसऱ्या कोणत्याही शैलीत मिळत नाहीत. तिचा खरा दोष वेळ आहे. एका गटाला दोन-चार मिनिटे धरली आणि गट वीस झाले, तर वधू-वरांचा तासभर त्यातच जातो. म्हणून गटांची यादी आधी देणे आणि माणसे गोळा करायला घरातलाच, सगळ्यांना चेहऱ्याने ओळखणारा कुणी नेमणे ही जुनी युक्ती आजही कामाची आहे.

डॉक्युमेंटरी आणि कॅन्डिड

डॉक्युमेंटरी छायाचित्रकार काहीही घडवून आणत नाही. खुर्ची सरकवत नाही, ‘परत एकदा करा’ म्हणत नाही. त्याचे कौशल्य पुढच्या क्षणी काय होईल याचा अंदाज घेऊन योग्य जागी आधीच उभे राहण्यात असते, म्हणून समारंभाचा क्रम त्याला तोंडपाठ लागतो. कॅन्डिड हा शब्द त्याहून सैल. माणूस कॅमेऱ्याकडे बघत नसला की फोटो कॅन्डिड, असा सर्रास समज आहे; प्रत्यक्षात त्यातले पुष्कळ फोटो ‘तिकडे बघून हसा’ असे सांगून घेतलेले असतात. त्यात वाईट काही नाही, पण आपण कशाचे पैसे देतो आहोत हे माहीत असलेले बरे.

लेन्सवरून बरेच कळते. ७०-२०० मिमीच्या लांब लेन्सने दुरून घेतलेला चेहरा सुंदर दिसतो, मागचे सगळे धूसर होते, आणि विषय झालेल्या माणसाला कळतही नाही. पण तो चेहरा एकटाच राहतो. रुंद दृश्य टिपणारी ३५ मिमी लेन्स घेऊन चार पावलांवर उभा राहणारा छायाचित्रकार त्याच चौकटीत हसणारी वधू, मागे डोळे पुसणारा बाप आणि कोपऱ्यात कंटाळलेले मूल असे तिन्ही आणू शकतो. हे अवघड आहे, कारण तीनही ठिकाणी एकाच क्षणी काहीतरी घडावे लागते. डॉक्युमेंटरी म्हणवणाऱ्याच्या कामात असे थरांचे फोटो किती आहेत, हे मोजून पाहण्यासारखे असते.

मर्यादाही स्पष्ट आहेत. जे घडले नाही त्याचा फोटो येत नाही. जोडपे लाजाळू असेल, दिवसभर एकमेकांकडे फारसे पाहत नसेल, तर फोटोतही तेच दिसेल. जागा गचाळ असेल तर तीही दिसेल. एकाच वेळी दोन ठिकाणी महत्त्वाचे काही चालते, म्हणून या शैलीत दुसरा छायाचित्रकार चैनीपेक्षा गरजेच्या जवळ जातो.

एडिटोरियल, फाइन आर्ट, ड्रॅमॅटिक

एडिटोरियल शैली फॅशन मासिकांकडून आली. जोडप्याला मॉडेलसारखे उभे करतात, हसू कमी, रेषा आणि कपड्यांची पड यांना महत्त्व, चौकटीत मोकळी जागा भरपूर. पाहुण्यांपासून दूर, चांगल्या उजेडात निवांत वेळ द्यावा लागतो. तो नसेल तर या शैलीचे नुसते सोंग उरते.

फाइन आर्टच्या नावाखाली येणारे मऊ, फिकट, मागून उजेड आलेले फोटो मुळात फिल्मची देणगी आहेत. २००० नंतर काही छायाचित्रकार कॉन्टॅक्स ६४५ या मध्यम आकाराच्या कॅमेऱ्यात फुजीची ४००एच फिल्म घालून मुद्दाम जास्त प्रकाश देऊन फोटो घेत. रंगीत निगेटिव्ह फिल्म जादा प्रकाश सहन करते. उजळ भागांतले तपशील टिकतात आणि रंग निवळतात. डिजिटल सेन्सरचे उलटे आहे, तिथे उजळ भाग एकदा पांढरा फटक झाला की त्यातून काही परत येत नाही. फुजीने ही फिल्म बंद करत असल्याचे २०२१ मध्ये जाहीर केले, पण तिचे अनुकरण करणारे प्रीसेट, म्हणजे संपादनाचे तयार रंगसाचे, आजही जोरात चालतात. अडचण अशी की हे रूप मोकळ्या सावलीतल्या नैसर्गिक उजेडावर अवलंबून आहे. बंद सभागृहात पिवळ्या दिव्यांखाली तेच प्रीसेट लावले की सावळी कांती राखाडी दिसते आणि पांढरे कपडे विरून जातात.

ड्रॅमॅटिक शैलीत फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर, बाजूला किंवा जोडप्याच्या मागे ठेवतात. छायाकृती, प्रतिबिंबे, पावसाच्या थेंबांवर पडलेला उजेड हे तिचे नेहमीचे विषय. चार-पाच असे फोटो अल्बमला उठाव देतात. पन्नास असले की लग्न कुणाचे होते ते कळेनासे होते. याच्याशी नाते सांगणारी ‘डार्क अँड मूडी’ ही मुख्यतः संपादनाची तऱ्हा आहे: सावल्या गडद, हिरवा मावळलेला, त्वचा तांबूस. अलीकडे कॅमेऱ्यावरच्या थेट फ्लॅशने काढलेले, काहीसे हललेले, जुन्या पार्टीच्या फोटोंसारखे फोटोही मागितले जातात. या तऱ्हा लवकर येतात आणि लवकर जुन्या दिसतात.

प्रकाश आणि संपादन

छायाचित्रकाराची परीक्षा वाईट उजेडात होते. सूर्यास्ताच्या वेळी बागेत फोटो चांगले येतातच. सभागृहात मात्र ३२०० केल्विनचे (केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप; आकडा कमी तितका उजेड पिवळा) पिवळे दिवे, खिडकीतून साधारण ५५०० केल्विनचा दिवसाचा उजेड आणि मंचावर बदलते एलईडी असे तिन्ही एकत्र असतात. एका गालावर पिवळा आणि दुसऱ्यावर निळा रंग येतो, जांभळ्या दिव्याखाली त्वचेचा रंग सुधारणे जवळपास अशक्य होते, आणि मूक इलेक्ट्रॉनिक शटरला काही एलईडींखाली फोटोवर आडवे पट्टे उमटतात. अनुभवी माणूस छतावर किंवा भिंतीवर फ्लॅश उसळवून चेहऱ्यावरचा प्रकाश आपल्या ताब्यात घेतो. ‘मी फक्त नैसर्गिक प्रकाशात काम करतो’ हे वाक्य काहींच्या बाबतीत तत्त्व असते, तर काहींच्या बाबतीत फ्लॅश वापरता येत नाही याची कबुली असते.

कृष्णधवल फोटोंकडेही जरा संशयाने पाहावे. ते कालातीत वाटतात खरे, पण मिश्र उजेडाने बिघडलेले रंग आणि जादा आयएसओची रवाळी (मंद उजेडात कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवल्याने फोटोत येणारे दाणे) झाकण्याचा तो सर्वांत सोपा उपायही आहे. कुणाच्या संग्रहात बाहेरचे फोटो रंगीत आणि सभागृहातले सगळे कृष्णधवल असतील, तर सभागृहातले रंगीत पाहायला मागावेत.

संपादनात रंग आणि उजेड दुरुस्त करणे वेगळे, चेहरा बदलणे वेगळे. पहिले प्रत्येक फोटोवर होते. त्वचा गुळगुळीत करणे, मागचा माणूस काढून टाकणे हे निवडक फोटोंवर आणि पुष्कळदा जादा मोबदल्यात होते.

निवड करताना

संकेतस्थळावरचे वीस फोटो वीस वेगवेगळ्या लग्नांतले सर्वोत्तम असतात. त्यांवरून एवढेच कळते की छायाचित्रकाराला वर्षातून वीसदा उत्तम फोटो जमतो. म्हणून एकाच लग्नाचा संपूर्ण संच पाहायला मागणे ही निवडीतली सर्वांत उपयोगी कृती आहे, आणि तो संच आपल्यासारख्याच जागेतला, त्याच वेळेचा, तेवढ्याच पाहुण्यांचा असावा. त्यात दुपारच्या कडक उन्हातले गटफोटो, जेवणाच्या वेळचे फोटो, म्हाताऱ्या माणसांचे फोटो बघावेत. मधला कंटाळवाणा भाग कसा हाताळला आहे त्यावरून हात कळतो.

शैलीचे मिश्रण मागणे रास्तच आहे. बहुतेक छायाचित्रकार दिवसाचा मोठा भाग डॉक्युमेंटरी, तासभर गटफोटो आणि थोडा वेळ जोडप्याचे पोज दिलेले फोटो अशीच वाटणी करतात. मात्र ज्याचे काम फिकट आणि मऊ आहे त्याच्याकडून गडद नाट्यमय फोटो मागू नयेत. तो नाही म्हणणार नाही, आणि फोटो धड इकडचे ना तिकडचे होतील. कॅमेऱ्यासमोर अवघडणाऱ्या जोडप्याला डॉक्युमेंटरीच शोभते असेही नाही. काहींना काय करावे हे कुणी सांगितले की उलट सुटल्यासारखे वाटते. लग्नाआधी तासभर सराव म्हणून फोटो काढून घेतले की हे उलगडते.

संस्थेला काम देताना त्या दिवशी प्रत्यक्ष कोण येणार आणि दाखवलेले फोटो त्याच व्यक्तीचे आहेत का, हे लेखी घ्यावे. कॅमेऱ्यात दोन मेमरी कार्डांवर एकाच वेळी नोंद होते का, प्रती किती आणि कुठे ठेवल्या जातात, छायाचित्रकार आजारी पडल्यास कोण येईल, संपादित फोटो किती आणि कधी मिळतील, हे करारात हवे. कच्च्या रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या असंपादित फाइली, सहसा दिल्या जात नाहीत.

फोटोंच्या मालकीबाबत देशोदेशी कायदे वेगळे आहेत. अमेरिकेत स्वतंत्रपणे काम करणाऱ्या छायाचित्रकाराकडे कॉपीराइट सामान्यतः राहतो आणि जोडप्याला वापराचा परवाना मिळतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा असतो. छापील करारात हीच तरतूद अनेकदा बदललेली असते. जाहिरातीसाठी आपले फोटो समाजमाध्यमांवर टाकण्याची परवानगीही बहुधा करारातल्या त्याच कलमाच्या शेवटच्या ओळीत असते. नको असल्यास सही करण्यापूर्वी ती खोडून घेता येते.