लाइट गेल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ का लागतो?

बाहुली मोठी व्हायला वेळ लागतो म्हणून, असं बरेच जण सांगतात. बाहुली बिचारी काही सेकंदांतच बऱ्यापैकी मोठी झालेली असते हो.

बाहुली म्हणजे बुबुळाच्या मधलं नुसतं भोक. बुबुळात दोन स्नायू असतात, एक पायजम्याच्या नाडीसारखा भोक आवळणारा आणि दुसरा ते बाहेर ओढून मोठं करणारा. भर उन्हात व्यास साधारण 2 मिलिमीटर, गडद अंधारात तरुण माणसाचा 8 पर्यंत, म्हणजे भोकाचं क्षेत्रफळ वाढून वाढून 16 पट. आणि चांदण्यांचा उजेड आणि दुपारचं ऊन यातला फरक कोट्यवधी पटींचा! बाकीचं सगळं काम डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी करतात, त्यांचं रंगद्रव्य उजेडात खर्च होतं आणि ते परत भरायला 20-30 मिनिटं जातात. उशीर तिथे होतो.

मग बाहुलीचा उपयोग काय? ती फास्ट आहे. अचानक उजेड पडला की पाव सेकंदाच्या आसपास आवळायला लागते, शिवाय भोक बारीक असलं की चित्रही जास्त शार्प पडतं.

घरी बघायचं तर कुणालातरी खिडकीपाशी बसवा (काळ्याभोर डोळ्यांत बाहुली कुठे संपते तेच कळत नाही, म्हणून बाजूने उजेड हवा), एका डोळ्यावर तळहात ठेवायला सांगा, थोड्या वेळाने हात पटकन काढायला लावा आणि तुम्ही मात्र बघा दुसऱ्या, म्हणजे मघापासून उघड्याच असलेल्या डोळ्याकडे. तीसुद्धा बाहुली बारीक होते! कारण एका डोळ्याचा निरोप मेंदूच्या तळाशी जातो आणि तिथून ऑर्डर सुटते ती दोन्ही डोळ्यांना.

बेशुद्ध पेशंटच्या डोळ्यात डॉक्टर टॉर्च मारतात ते हीच वायरिंग शाबूत आहे का बघायला. डोक्याला मार लागलेल्याची एकच बाहुली मोठी होऊन तशीच राहिली तर कवटीत दाब वाढत असल्याची शंका येते आणि मग धावपळ सुरू होते. पिकांवर मारायच्या काही कीटकनाशकांची विषबाधा झाली तर दोन्ही बाहुल्या अगदी टिंबाएवढ्या होतात, धोतरा पोटात गेला तर बरोबर उलटं.

वय वाढलं की बाहुली अंधारातही पूर्वीइतकी उघडत नाही, त्यामुळे आजोबा पेपर वाचताना अजून एक ट्यूब लावायला सांगतात तेव्हा लावून टाका.