घर्षक टूथपेस्ट

चहा, तंबाखू, मिश्री यांचे डाग काढण्यासाठी नेहमीपेक्षा कडक किंवा जास्त घासणारी भुकटी घातलेली टूथपेस्ट. ‘व्हाइटनिंग’, ‘स्मोकर्स’, ‘चारकोल’ अशा नावांनी ती विकली जाते. हिरड्या धडधाकट असतील तर मधूनमधून वापरायला हरकत नाही. मात्र रोज दोन वेळा, वर्षानुवर्षे वापरायची ही वस्तू नव्हे. हिरड्या खाली सरकून दातांची मुळे उघडी पडली असतील तर ती टाळावी.

घासणारा घटक साध्या पेस्टमध्येही असतोच. कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूचीच भुकटी, आणि हायड्रेटेड सिलिका हे त्यांतले नेहमीचे. खाण्याचा सोडा त्याहून सौम्य. डाग काढायच्या पेस्टमध्ये जास्त घासणारी सिलिका, परलाइट किंवा अ‍ॅल्युमिना अशी खनिजांची कडक भुकटी घालतात. कठीणपणाच्या १ ते १० या मोहस् मापावर इनॅमल (दाताचे बाहेरचे कठीण कवच) सुमारे ५, त्याखालचा मऊ थर म्हणजे डेंटिन २.५ ते ३, तर अ‍ॅल्युमिना ९ भरते. पेस्ट बोटांत चोळून पाहण्याने काही कळत नाही. बारीक दळलेली अ‍ॅल्युमिना लोण्यासारखी लागते, तर निरुपद्रवी सोडा खरखरीत.

घर्षकता ‘आरडीए’ या आकड्यात, म्हणजे पेस्टने डेंटिन किती झिजते याच्या तुलनात्मक मापात, सांगतात. काढलेल्या दातांची मुळे न्यूट्रॉनच्या माऱ्याने किरणोत्सारी करतात, पेस्टच्या पातळ द्रावणात त्यांवर यंत्राने ब्रश फिरवतात आणि झिजून द्रावणात उतरलेला किरणोत्सारी फॉस्फरस मोजतात. कॅल्शियम पायरोफॉस्फेटने होणारी झीज १०० धरून बाकीचे आकडे ठरतात. नुसता सोडा ७ च्या आसपास येतो; ७० पर्यंतची पेस्ट सौम्य समजतात. टूथपेस्टसाठीच्या आयएसओ ११६०९ या आंतरराष्ट्रीय मानकाची मर्यादा २५० आहे. ही वरची हद्द झाली, रोजच्या वापराची शिफारस नव्हे, हे नेमके विसरले जाते. भारतात पाकिटावर हा आकडा सहसा छापत नाहीत. ‘डॉक्टरांची पसंती’ मात्र ठळक असते.

शाबूत इनॅमल पेस्टने फारसे झिजत नाही. खरा प्रश्न दाताच्या मानेचा. तिथे इनॅमल पातळ होत संपते आणि हिरडी सरकली की मऊ डेंटिन उघडे पडते. सातारा-सांगली भागात हा मुद्दा मिश्रीशी येऊन भिडतो. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूची पूड दिवसातून अनेकदा बोटाने हिरड्यांवर चोळली जाते; त्याने दात काळपट होतात आणि हिरड्याही खराब होतात. म्हणजे डाग काढायची पेस्ट ज्यांना हवीशी वाटते, नेमकी त्यांचीच मुळे उघडी असण्याची शक्यता जास्त. शिवाय मिश्री चालू असेपर्यंत डाग पुन्हा बसतात आणि पेस्टचा हात वाढत जातो. १९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू घालण्यास बंदी केली. घरच्या तव्यापर्यंत ती पोचत नाही. तोंडाच्या कर्करोगाचा धोका पाहता डागांची गोष्ट त्यामानाने किरकोळच.

राखुंडी, कोळसा-मीठ, गेरू घातलेले लाल मंजन हीही घर्षकेच, आणि त्यांतल्या कणांचा आकार कुणी मोजलेला नसतो. कोळशाच्या पेस्टला दात पांढरे करण्याचा काही खास गुण असल्याचे सिद्ध झालेले नाही. तिचे काळे कण दातांच्या भेगांत आणि दात भरलेल्या सिमेंटच्या कडेला अडकून बसतात. अशा बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड नसते, तेव्हा किडीपासून संरक्षणही जाते.

झीज ओळखायची खूण सोपी आहे. सुळा आणि त्यामागच्या दाढांच्या बाहेरच्या बाजूने नख हिरडीच्या दिशेने ओढावे. हिरडीलगत ते खाचेत अडकले आणि गार पाण्याने तिथे सळकन कळ गेली, तर डेंटिन झिजलेले असू शकते. उजव्या हाताने घासणाऱ्यांत अशी खाच बहुधा डाव्या बाजूला आधी दिसते, कारण तिथे हाताचा जोर जास्त पडतो.

वापरायचीच असेल तर आठवड्यातून एक-दोनदा, वाटाण्याएवढी, मऊ ब्रशवर घ्यावी. ब्रश आडवा रेटू नये. एरवी साधी फ्लोराइडची पेस्ट. तासगावची द्राक्षे, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, लिंबू सरबत असे आंबट खाल्ल्या-प्यायल्यावर इनॅमलचा वरचा थर काही काळ मऊ पडतो. चूळ भरून निदान अर्धा तास थांबावे. लहान मुलांना ही पेस्ट देऊ नये. दात शिवशिवत असतील तर ५ टक्के पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट घ्यावी; गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात.

दातांवर घट्ट बसलेले कीट कोणत्याच पेस्टने निघत नाही, आणि दातांच्या आत मुरलेले फ्लोरोसिसचे (जादा फ्लोराइडमुळे पडणारे) डागही घासून जात नाहीत. किटासाठी स्केलिंग, म्हणजे दंतवैद्याकडून ते खरवडून काढणे, करून घ्यावे लागते. सांगली आणि कराडच्या दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागात ते होते. स्केलिंगनंतर दात शिवशिवले की ‘मशीनने दात झिजवले’ असा समज होतो. प्रत्यक्षात किटाखाली झाकलेले मूळ उघडे पडलेले असते आणि काही दिवसांत त्रास कमी होतो. तेवढे दिवस डागांची पेस्ट बंदच ठेवावी. मानेवरची खोल खाच ग्लास आयोनोमर किंवा कॉम्पोझिटने भरतात. घासण्याची पद्धत तीच राहिली तर भरलेल्या भागाची कड पुन्हा झिजते आणि भरण निसटते.