बाळंतिणीच्या मनाचीही विचारपूस

दवाखान्यात बाळंतपण होऊन मायलेकरू घरी आले, की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई घरी येते. नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची ही पद्धत विदर्भाच्याच मातीत घडली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने केलेला तिचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि २०११ पासून ती देशभर आशांच्या कामाचा भाग झाली. ताई बाळाला झोळीत घालून वजन घेते, काखेत थर्मामीटर लावते, एका मिनिटातले श्वास मोजते, नाळ पाहते. आईला ताप आहे का, अंगावरून जास्त जाते का, हेही विचारते. मात्र ‘तुला झोप लागते का, रडू येते का, कशात मन लागते का’ हे प्रश्न बहुधा ताईच्या स्वभावावर आणि तिच्या हाताशी असलेल्या वेळेवर सोडलेले असतात. माझ्या मते ग्रामीण भागात बाळंतिणीच्या मानसिक आरोग्याचे काम सुरू करायला याहून चांगली जागा नाही, कारण इथे घराचे दार आधीच उघडलेले आहे.

बाळंतपणानंतर येणारे प्रत्येक रडू हा आजार नसतो. गरोदरपणात खूप वाढलेली इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके प्रसूतीनंतर काही दिवसांतच झपाट्याने खाली येतात. त्यात रात्रीची मोडलेली झोप, टाक्यांचे दुखणे आणि दूध उतरण्याची काळजी यांची भर पडते. त्यामुळे निम्म्याहून अधिक बाळंतिणींना तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास विनाकारण रडू येते, चिडचिड होते, आणि दोन आठवड्यांच्या आत ते आपोआप थांबते. हीच अवस्था दोन आठवड्यांपलीकडे टिकली, बाळाकडे पाहूनही काही वाटेनासे झाले, ‘मी कामाची नाही’ हा विचार डोक्यातून जाईना, बाळ झोपले तरी आईला झोप येईना, तर ते नैराश्य असू शकते. ते गरोदरपणातही सुरू होते आणि बाळाच्या पहिल्या वर्षात कधीही डोके वर काढू शकते.

आपल्याकडे ते ‘उदास वाटते’ अशा शब्दांत क्वचितच सांगितले जाते. जीव घाबरते, डोके भणभण करते, हातपाय गळून जातात, अन्न गोड लागत नाही, अशा तक्रारी पुढे येतात आणि उपकेंद्रातून ताकदीच्या गोळ्या घेऊन बाई घरी परतते. गोळ्यांची गरज खरीही असते. रक्तक्षयाने हाच थकवा येतो आणि प्रसूतीनंतर काही स्त्रियांच्या थायरॉइड ग्रंथीचे काम बिघडते, तेव्हाही लक्षणे अशीच दिसतात. म्हणून रक्ततपासणी आणि मनाची विचारपूस या दोन्ही गोष्टी बरोबरीने व्हायला हव्यात. घरात याला ‘नजर लागली’ किंवा ‘बाहेरचे आहे’ असे म्हटले जाते, तेव्हा त्या शब्दांशी वाद घालत बसण्यापेक्षा अंगारा लावल्यावर पुढे डॉक्टरकडे नेणे जास्त उपयोगाचे ठरते.

भारतातील ३८ अभ्यासांमधील सुमारे वीस हजार मातांची माहिती एकत्र करून २०१७ मध्ये जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यानुसार प्रसूतीनंतरच्या नैराश्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते, म्हणजे जवळपास पाचांतील एक आई. गोव्यात २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही हे प्रमाण २३ टक्के आढळले, आणि त्यामागे गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी जन्मल्याचा घरातला नाराजीचा सूर या गोष्टी ठळकपणे दिसल्या. ज्या घरात सोयाबीन पावसात गेले आहे, कर्ज थकले आहे आणि दुसरीही मुलगीच झाली आहे, तिथे बाळंतिणीच्या मनावर काय ओझे असेल, हे विदर्भातल्या वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. दक्षिण आशियातील अभ्यासांत असेही दिसले आहे की आई नैराश्यात असेल तर बाळाची वाढ खुंटण्याचा धोका वाढतो. कुपोषणाशी लढणाऱ्या मेळघाटासारख्या भागात म्हणूनच आईचे मन आणि बाळाचे वजन हे दोन वेगळे विषय मानता येत नाहीत.

आपल्या जुन्या रीतीत आधाराचा मोठा भाग होताच. पहिले बाळंतपण माहेरी, सव्वा महिना घरकामातून सुटका, तेल लावणे, शेक, डिंकाचे आणि मेथीचे लाडू, रात्री बाळाला घ्यायला आजी, या सगळ्यांतून आईला विश्रांती आणि सोबत मिळते. याच रीतीला दुसरी बाजूही आहे. अंधाऱ्या खोलीत एकटे पडून राहणे, पाणी कमी पिऊ देणे, बोलायला कोणी नसणे यांनी त्रास वाढतो. दुसऱ्या खेपेला माहेर मिळत नाही, आणि मजुरीवर जगणाऱ्या घरात तर सव्वा महिनाही पुरा होत नाही. या रीतींतले जे चांगले आहे ते नेटाने टिकवावे. रात्री आईला सलग चार-पाच तास झोप मिळेल अशी घरच्यांनी पाळी लावली, तर एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

यावर उपाय चालतात याचा भक्कम पुरावा आपल्यासारख्याच खेड्यांतून आला आहे. पाकिस्तानातील रावळपिंडीच्या ग्रामीण भागात डॉ. आतिफ रहमान आणि सहकाऱ्यांनी आशांसारख्याच गावपातळीवरील ‘लेडी हेल्थ वर्कर’ना अवघ्या दोन दिवसांचे प्रशिक्षण देऊन नैराश्य असलेल्या गरोदर स्त्रियांच्या घरी पाठवले. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला, बाळंतपणानंतरच्या महिन्यात तीनदा आणि पुढे महिन्यातून एकदा, अशा एकूण १६ भेटी होत्या. चित्रांच्या मदतीने आईशी बोलणे चाले: मनात येणारा घातक विचार ओळखायचा, त्याच्या जागी उपयोगी विचार शोधायचा आणि पुढच्या भेटीपर्यंत एखादी छोटी कृती करून पाहायची. ‘माझे दूधच बाळाला पुरत नाही, मी कसली आई’ असे म्हणणारी बाई एवढेच ठरवते की उद्या सकाळी सासूला सोबत घेऊन बाळाचे वजन करून यायचे आणि रोज थोडा वेळ बाळाशी बोलायचे. मला यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती मांडणीची. हे ‘मानसिक उपचार’ म्हणून सांगितलेच गेले नाहीत, तर बाळ सुदृढ व्हावे म्हणून आईची काळजी असे सांगितले गेले, त्यामुळे सासू आणि नवरा विरोधक न राहता मदतनीस झाले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा या भेटी मिळालेल्या गटात २३ टक्के माता नैराश्यात होत्या, तर नेहमीच्याच भेटी मिळालेल्या गटात ५३ टक्के. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत स्वीकारली.

विदर्भातही असे काम नवे नाही. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ या प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांमार्फत नैराश्यावर काम केले. तो केवळ बाळंतिणींसाठी नव्हता, पण नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांपर्यंत गेले. मदत दारापर्यंत आली आणि ओळखीच्या माणसाने दिली, तर लोक ती घेतात.

आशाताईने, नर्सबाईंनी किंवा नणंदेनेही विचारण्यासारखे प्रश्न दोनच आहेत. गेल्या महिनाभरात सारखे उदास, निराश वाटत होते का? एरवी आवडणाऱ्या गोष्टींत मन लागेनासे झाले आहे का? प्रश्न सासूसमोर विचारू नयेत. बाळाला अंघोळीला नेले असताना किंवा आई पाजायला बसली असताना विचारावेत. एकाचेही उत्तर ‘हो’ आले, तर जीव द्यावासा वाटतो का, हेही स्पष्ट विचारावे, कारण विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘साऱ्या बायका बाळंत होतात, तुलाच काय झाले’ हे वाक्य मात्र तोंडून निघू नये. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीतून बोलता येते.

सौम्य त्रासाला बोलणे आणि आधार पुरतो. तीव्र नैराश्यात औषधे लागतात, आणि त्यांतली काही, उदाहरणार्थ सर्ट्रालिन, दुधात अगदी कमी उतरत असल्याने स्तनपान चालू ठेवून घेता येतात. आधीपासून चालू असलेली गोळी गरोदर राहिल्यावर मनाने बंद करू नये. काही औषधे बदलावी लागतात, पण तो निर्णय डॉक्टरांचा आहे. हजारात एक-दोन बाळंतिणींना मात्र पहिल्या दोन आठवड्यांत अचानक भास होऊ लागतात, त्या असंबद्ध बोलतात, झोप उडते, बाळाविषयी भलत्याच शंका येतात. ही तातडीची अवस्था आहे. आई आणि बाळ दोघांनाही एकटे न सोडता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. उपचारांसाठी बाळ तोडून घेतील या भीतीने घरचे थांबतात, परंतु २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मुलाला सहसा वेगळे करता येत नाही. आईपासून बाळाला इजा होण्याचा धोका असेल, तेव्हा मात्र ते तात्पुरते करता येते.

वडिलांनाही नैराश्य येते, साधारण दहांतील एकाला, आणि बाळ तीन ते सहा महिन्यांचे असताना जास्त. तोवर नवजात बाळासाठीच्या भेटी संपलेल्या असतात. तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी आशाताईने घरी येण्याची योजना २०१८ पासून आहे, आणि तेच दोन प्रश्न त्या भेटींत आईबापांना पुन्हा विचारता येतील. कापूस वेचणीच्या दिवसांत दोघेही शेतात असतात, म्हणून ही भेट संध्याकाळी ठेवलेली बरी.